नोरी: शिंपल्यात बी धरणारे समुद्री पीक

पिकाचे बी कुठे तयार होते हेच माहीत नसेल, तर पेरणी कशी करायची? जपानमध्ये नोरी हे समुद्री शेवाळ पिकवणारे शेतकरी सुमारे अडीचशे वर्षे याच अवस्थेत होते. शरद ऋतूत किनाऱ्याच्या उथळ पाण्यात बांबू आणि झाडांच्या फांद्या रोवायच्या आणि वाट पाहायची, एवढेच त्यांच्या हातात होते. एखाद्या वर्षी फांद्या शेवाळाने भरून जात, तर एखाद्या वर्षी कोऱ्या राहत. म्हणून या पिकाला ‘जुगाराचे गवत’ असे नाव पडले होते.

हे बी समुद्राच्या तळाशी पडलेल्या मेलेल्या शिंपल्यांच्या आत वाढत होते. ही गोष्ट १९४९ मध्ये कळली आणि नोरीची शेती बदलून गेली. पण बियाण्याचा प्रश्न सुटल्यानंतरही हे पीक पूर्णपणे शेतकऱ्याच्या हाती आले नाही. बी शिंपल्यातून आले, तरी खत नदीतून येते आणि त्या खतावर समुद्रातील इतर सजीवांचाही हक्क असतो. हा हिशेब बिघडला की चांगले रुजलेले पीकही हातचे जाते.

नोरीचे पीक आपल्याकडे घेतले जात नाही. तरीही बियाणे, तण, रोग, नत्र आणि पाणी यांचे एकमेकांशी नाते कसे असते, हे या पिकातून चांगले समजते. कोकणातील खाड्यांलगत शेती किंवा मत्स्यशेती करणाऱ्यांना आणि विस्तार कार्यकर्त्यांना त्याचा थेट उपयोग होईल.

पीक ओळख

नोरी हे लाल शेवाळांच्या गटातील पीक आहे. जपानमध्ये मुख्यतः ‘पायरोपिया येझोएन्सिस’ ही जात घेतात. पूर्वी ती ‘पॉर्फिरा’ या नावाने ओळखली जात असे. त्याची पाती एकाच पेशीच्या थराची, म्हणजे कागदापेक्षाही पातळ असते. निरोगी पातीचा रंग काळपट जांभळा असतो. कापलेली पाती बारीक चिरून पाण्यात कालवतात, चटयांवर पातळ पसरतात आणि पापडासारखी वाळवतात. साधारण २१ बाय १९ सेंटिमीटरचा आणि तीन ग्रॅम वजनाचा एक ताव तयार होतो. बाजारात भाव तावावर ठरतो. काळा, चमकदार ताव महाग आणि फिकट पिवळसर ताव स्वस्त असतो. रंग फारच उतरला तर माल विकला जात नाही.

हे थंडीचे पीक आहे. लागवड ऑक्टोबरमध्ये होते आणि कापणी नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत चालते. एका अर्थाने हे समुद्रातले रब्बी पीक आहे. जपानच्या दक्षिणेकडील क्युशू बेटावरील आरिआके समुद्र हा त्याचा प्रमुख पट्टा आहे. हा उबदार समशीतोष्ण प्रदेश असल्याने उन्हाळ्यात पाणी चांगलेच तापते आणि हिवाळ्यात १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. आरिआके हा तीन बाजूंनी जमिनीने वेढलेला, सुमारे १,७०० चौरस किलोमीटरचा उथळ समुद्र आहे. उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच ते सहा मीटरचा फरक पडतो. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. चिकुगोसारख्या नद्या त्यात गोडे पाणी, गाळ आणि अन्नद्रव्ये आणून सोडतात.

बियाण्याचे कोडे कसे सुटले?

वसंत ऋतूच्या शेवटी नोरीची पाती कुजून नाहीशी होते. उन्हाळाभर समुद्रात तिचा मागमूस नसतो. शरदात पाणी थंड झाले की कोवळी पाती अचानक दिसू लागते. मधले पाच-सहा महिने हे शेवाळ कुठे असते, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर जपानपासून फार दूर, ब्रिटनमध्ये मिळाले. मँचेस्टर येथील शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर या वेल्सच्या किनाऱ्यावर खाल्ल्या जाणाऱ्या नोरीच्याच एका भावंड जातीचा अभ्यास करत होत्या. विवाहित स्त्रियांना नोकरीत न ठेवण्याच्या तेव्हाच्या नियमामुळे त्यांना विद्यापीठातील अध्यापनाचे पद गमवावे लागले होते. त्यांनी संशोधन मात्र विनावेतन चालू ठेवले. त्यांनी या शेवाळाचे बीजाणू शिंपल्यांसोबत वाढवून पाहिले. बीजाणू शिंपल्याच्या चुनखडीत शिरले आणि आत गुलाबी धाग्यांचे जाळे तयार झाले.

शिंपल्यांवरचे हे गुलाबी डाग शास्त्रज्ञांना नवे नव्हते. १८९२ मध्येच त्यांना ‘काँकोसेलिस रोझिया’ असे नाव देऊन स्वतंत्र जात मानण्यात आले होते. शेवाळाची पाती आणि शिंपल्यातील गुलाबी धागे या एकाच सजीवाच्या दोन अवस्था आहेत, हे ड्र्यू-बेकर यांनी दाखवून दिले. १९४९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा छोटासा लेख छापून आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नोरीचे उत्पादन घटले होते आणि किनाऱ्यावरची कुटुंबे अडचणीत होती. क्युशू विद्यापीठातील सोकिची सेगावा यांनी या शोधाचे महत्त्व ओळखून तो जपानी संशोधकांपर्यंत पोहोचवला. कुमामोतो प्रांतातील मत्स्य संशोधन केंद्राचे फुसाओ ओता यांनी १९५३ मध्ये शिंपल्यांत बी वाढवून ते जाळ्यांवर धरवण्याची पद्धत यशस्वी केली. शिंपल्यांची रोपवाटिका उभी राहिली आणि पेरणीचा जुगार थांबला.

ड्र्यू-बेकर कधीही जपानला गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. नोरी पिकवणाऱ्यांनी १९६३ मध्ये कुमामोतोतील उतो येथे, आरिआके समुद्राच्या काठावर त्यांचे स्मारक उभारले. तिथे दरवर्षी १४ एप्रिलला त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होतो.

वर्षभराचे वेळापत्रक

आरिआके भागात नोरीचे वर्ष साधारण असे जाते:

• फेब्रुवारी-मार्च: पक्व पातीत नर व मादी पेशींचे मीलन होऊन बीजाणू तयार होतात. ते स्वच्छ केलेल्या कालवांच्या शिंपल्यांवर सोडतात. काही रोपवाटिकांत प्रयोगशाळेत जपलेले धागे बारीक करून शिंपल्यांवर शिंपडतात.

• एप्रिल ते ऑगस्ट: शिंपले समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. आतील धागे वाढून शिंपला काळपट दिसू लागतो. प्रकाश, तापमान आणि पाण्याची स्वच्छता यांवर रोज लक्ष ठेवावे लागते.

• सप्टेंबर: दिवस लहान होतात आणि पाणी निवू लागते. शेवंतीला कळ्या येण्यासाठी जशी मोठी रात्र लागते, तशीच या धाग्यांनाही बीजाणूंच्या पिशव्या धरण्यासाठी लागते.

• ऑक्टोबर: समुद्राचे पाणी २३ अंशांच्या आसपास उतरले की पेरणी होते. जाळ्यांचे अनेक थर एकावर एक ठेवतात आणि शिंपले छोट्या पिशव्यांत घालून त्यांखाली टांगतात. शिंपल्यातून सुटलेले बीजाणू जाळ्यांच्या धाग्यांना चिकटतात.

• नोव्हेंबर ते मार्च: थर सुटे करून जाळी पसरतात. पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांत पाती १५-२० सेंटिमीटरची होते आणि पहिली कापणी मिळते. पुढे साधारण दहा-दहा दिवसांनी त्याच जाळ्यावरून पुन्हा कापणी होते.

आपल्याकडच्या लसूणघासासारखीच ही पद्धत आहे. एकदा पेरले की अनेक कापण्या मिळतात. पहिल्या कापणीची पाती सर्वांत कोवळी असते आणि तिला सर्वाधिक भाव मिळतो. कोवळी पाती स्वतःही बीजाणू सोडते. ते शेजारच्या धाग्यांवर रुजतात आणि विरळ पडलेले जाळे भरून निघते.

ओहोटी हेच तणनियंत्रण

आरिआकेमध्ये चिखलात उंच खांब रोवून त्यांना जाळी आडवी बांधतात. भरतीत जाळी बुडतात आणि ओहोटीत उघडी पडतात. जाळे किती उंचीवर बांधायचे हे शेतकरी भरतीचे वेळापत्रक पाहून ठरवतो. रोपावस्थेत जाळी दिवसातून साधारण तीन-चार तास उघडी राहतील अशी ठेवतात.

रोप मुद्दाम वाळू देणे शेतकऱ्याला विचित्र वाटेल. पण नोरी मूळची खडकावरच्या अशा जागी वाढणारी आहे, जिथे ती रोज कोरडी पडते. अंगातील बहुतांश पाणी गेले तरी ती मरत नाही. भरती आली की पुन्हा ताजी होते. तिच्यासोबत जाळ्यावर चढणारी हिरवी शेवाळे, डायटम आणि रोगकारक बुरशीसदृश सजीव यांना मात्र एवढे वाळणे सोसत नाही. रोजची ओहोटी एकाच वेळी निंदणी आणि रोगनियंत्रणाचे काम करते.

याच काटकपणाचा दुसरा उपयोगही होतो. रोपे काही सेंटिमीटरची झाली की अर्धी जाळी काढून सावकाश वाळवतात आणि उणे २० अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. समुद्रातल्या जाळ्यांवर रोग आला किंवा ती कापून जुनी झाली की गोठवलेली जाळी पाण्यात सोडतात आणि रोपे पुन्हा वाढू लागतात. एका हंगामात दोन पिके घेण्याची आणि जोखीम वाटून घेण्याची ही सोय आहे.

रोगांमध्ये लाल कूज सर्वांत त्रासदायक ठरते. तिचा कारक ‘पिथियम’ कुळातला आहे. आल्याची कंदकूज आणि भाजीपाला रोपवाटिकेत रोपे कोलमडणे यांमुळे हे नाव आपल्या शेतकऱ्यांना चांगलेच परिचित आहे. जमिनीवर पाणी साचले की पिथियम बळावतो. नोरीतही पाती पुरेशी वाळली नाही, पाणी उबदार राहिले किंवा पावसाने क्षारता घटली की तो झपाट्याने पसरतो. उपायही ओळखीचेच आहेत. जाळ्यांची गर्दी टाळतात, ती वेळेवर वाळवतात आणि रोगट जाळी लगेच बाहेर काढतात. याशिवाय जाळी सेंद्रिय आम्लाच्या द्रावणात थोडा वेळ बुडवण्याची पद्धतही वापरात आहे.

पाण्यातील नत्र कोण खातो?

जमिनीवरच्या पिकाला मुळे असतात. नोरी मात्र नत्र आणि स्फुरद थेट पाण्यातून, पातीच्या पूर्ण पृष्ठभागाने शोषते. कोणी खत टाकत नाही. नद्यांचे पाणी, चिखलातून सुटणारी अन्नद्रव्ये आणि समुद्री प्राण्यांचे उत्सर्जन हेच तिचे खत असते.

याच नत्रावर डायटमही जगतात. हे पाण्यात तरंगणारे एकपेशीय शेवाळ आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, पण दाट वाढले की पाण्याचा रंग बदलतो. पावसाने नदीतून अन्नद्रव्ये आली, मागोमाग लख्ख ऊन पडले आणि भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावले, की डायटमची संख्या काही दिवसांत अनेक पटींनी वाढते. ते पाण्यातील नत्र संपवून टाकतात. विरघळलेल्या नत्राचे प्रमाण लिटरला साधारण ०.१ मिलिग्रॅमच्या खाली गेले की नोरीचा रंग उतरू लागतो. मक्याची किंवा भाताची पाने नत्राअभावी पिवळी पडतात, तसाच हा प्रकार आहे. फरक असा की इथे युरिया टाकून पीक सावरता येत नाही.

डायटमला आवर घालणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे गढूळपणा. जोरदार भरती-ओहोटीमुळे आरिआकेचा चिखल सतत ढवळला जातो. गढूळ पाण्यात ऊन खोलवर जात नाही आणि पाण्यासोबत वरखाली फिरणाऱ्या डायटमला पुरेसा प्रकाश मिळत नाही. नोरीची जाळी मात्र पृष्ठभागालगत असल्याने तिला ऊन मिळते. आपल्याला अस्वच्छ वाटणारे गढूळ पाणी नोरीच्या बाजूने काम करत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे शिंपलेवर्गीय प्राणी. कालवे आणि आपल्या तिसऱ्यांसारखे चिखलात राहणारे शिंपले पाणी गाळून त्यातील डायटम खातात. एक मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळू शकते. चिखलाच्या पट्ट्यात असे लाखो प्राणी असतील, तर डायटमवर रोज चराई होते. खाल्लेल्या डायटममधील नत्राचा काही भाग हे प्राणी अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात आणि तो नोरीला लगेच घेता येतो. डायटमने अडवलेले खत शिंपले पुन्हा मोकळे करून देतात.

म्हणजे शिंपल्याचे आणि नोरीचे नाते दुहेरी आहे. मेलेला शिंपला नोरीची रोपवाटिका होतो आणि जिवंत शिंपला तिच्या प्रतिस्पर्ध्याला खातो.

आरिआकेमध्ये हे शिंपले फार कमी झाले आहेत. एकट्या कुमामोतो प्रांतात १९७७ मध्ये सुमारे ६५ हजार टन आसारी, म्हणजे तिसऱ्यांसारखे शिंपले मिळत होते. पुढच्या दशकांत हे उत्पादन घसरत गेले आणि त्याच्या लहानशा अंशावर आले. अति मासेमारी, तळाच्या मातीचा बदललेला पोत, उन्हाळ्यात तळाशी होणारी प्राणवायूची टंचाई आणि शिंपले खाणारे मासे अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली जातात.

बंधारा, शेतकरी आणि मच्छीमार

२०००-०१ च्या हंगामात आरिआकेमध्ये ‘ऱ्हायझोसोलेनिया’ नावाच्या डायटमचा मोठा उद्रेक झाला. नोरीचा रंग उतरला आणि अनेकांचा हंगाम बुडाला. जानेवारी २००१ मध्ये मच्छीमारांनी होड्या घेऊन इसाहाया खाडीच्या बंधाऱ्यासमोर निदर्शने केली.

आरिआकेच्या या फाट्यावर सुमारे सात किलोमीटरचा बंधारा घालून एप्रिल १९९७ मध्ये सुमारे ३,५०० हेक्टर खाडी समुद्रापासून तोडण्यात आली होती. पूर रोखणे आणि शेतजमीन मिळवणे हा त्यामागचा उद्देश होता. बंधाऱ्यामुळे प्रवाह मंदावले, चिखलाचे पट्टे आणि त्यातील शिंपले गेले, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. मिळालेल्या जमिनीवर २००८ मध्ये शेती सुरू झाली. दरवाजे उघडले तर खारे पाणी शेतात शिरेल आणि सिंचनाचे गोडे पाणी जाईल, असे तिथल्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते.

दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये फुकुओका उच्च न्यायालयाने दरवाजे उघडण्याचा आदेश दिला. २०१३ मध्ये नागासाकी जिल्हा न्यायालयाने ते उघडू नयेत असा आदेश दिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर दरवाजे बंदच राहणार हे नक्की झाले. आरिआकेच्या ऱ्हासात बंधाऱ्याचा वाटा नेमका किती, यावर आजही एकमत नाही. एक मात्र दिसते. खाडी तोडण्याआधी तिच्या चिखलावर कोणाकोणाचे पीक उभे आहे याचा हिशेब झाला नाही, तर नंतर शेतकरी आणि मच्छीमार यांनाच एकमेकांसमोर उभे राहावे लागते.

पाणी फार स्वच्छ झाले तरी अडचण

जपानमधील दुसरा मोठा नोरी पट्टा सेतो अंतर्गत समुद्रात आहे. तिथली गोष्ट उलट आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत कारखाने व शहरांच्या सांडपाण्याने या समुद्रात अन्नद्रव्ये इतकी वाढली की शेवाळाच्या उद्रेकाने मासे मरू लागले. १९७३ मध्ये विशेष कायदा झाला आणि सांडपाण्यावर कडक नियंत्रण आले. पाणी स्वच्छ झाले. पण पुढे हिवाळ्यात नोरीला नत्र कमी पडू लागले आणि रंग उतरण्याच्या तक्रारी वाढल्या.

त्यावर ह्योगो प्रांतात दोन उपाय अमलात आले. पहिला उपाय सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा आहे. नोरीच्या हंगामात तिथे ठरलेल्या मर्यादेत नत्र थोडे जास्त राहू देतात. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा नियोजनबद्ध अन्नद्रव्य पुरवठ्याला मान्यता देण्यात आली.

दुसरा उपाय शेतकऱ्यांचा आहे. आवाजी बेटावर भाताच्या सिंचनासाठी हजारो लहान तळी आहेत. भाताचा हंगाम संपला की तळी रिकामी करून गाळ ढवळून काढण्याची तिथे जुनी रीत होती. शेतकरी वृद्ध झाले, मनुष्यबळ कमी पडले आणि ती मागे पडली. आता मच्छीमार स्वतः फावडी घेऊन शेतकऱ्यांच्या तळ्यांत उतरतात. तळ्याची साठवण वाढते आणि गाळातील अन्नद्रव्ये ओढ्यावाटे समुद्रात, नोरीपर्यंत पोहोचतात. आपल्याकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ शेतात जातो. तिथे त्याच गाळाचा काही अंश समुद्रातल्या शेतात जातो.

उबदार होणारा समुद्र

अलीकडे शरदात पाणी उशिरा थंड होते. पेरणी पुढे जाते आणि हंगाम लहान होतो. घाई करून उबदार पाण्यात जाळी टाकली तर रोपे कमजोर राहतात आणि रोग येतो. काळ्या जातीचा समुद्री पालू मासा पाणी उबदार असताना जास्त काळ चरत राहतो आणि कोवळी पाती जाळ्यावरून खाऊन टाकतो. हिवाळी बदकेही नोरी खातात. त्यामुळे अनेक ठिकाणी शेताभोवती संरक्षक जाळी लावावी लागतात.

२०२२-२३ च्या हंगामात आरिआकेमध्ये पाऊस कमी झाला, डायटम वाढले आणि रंग उतरला. अनेक वर्षे उत्पादनात देशात पहिला असलेला सागा प्रांत मागे पडला आणि ह्योगो पुढे गेला. देशाचे एकूण उत्पादन पाच अब्ज तावांच्या खाली आले. एकेकाळी ते दहा अब्जांच्या आसपास होते.

अशा परिस्थितीत विस्तार यंत्रणेचे काम महत्त्वाचे ठरते. प्रांतांची मत्स्य संशोधन केंद्रे हंगामात नियमितपणे ठरलेल्या ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेतात. तापमान, क्षारता, नत्र आणि डायटमची संख्या असलेले पत्रक शेतकऱ्यांना देतात. कुठली जाळी आधी कापायची, कुठली काढून घ्यायची आणि गोठवलेली कधी सोडायची हे शेतकरी त्यावरून ठरवतात.

कोकणासाठी काय?

नोरीचे जपानी बियाणे आणून कोकणात लावण्याचा विचार करू नका. आपल्या किनाऱ्याचे पाणी हिवाळ्यातही तिला हवे तितके थंड होत नाही. परदेशी जात परवानगीशिवाय समुद्रात सोडणे धोक्याचेही आहे.

मात्र नोरीची एक भावंड जात आपल्याकडे मुळातच आहे. ‘पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस’ हे शेवाळ महाराष्ट्र आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर पावसाळ्यात दिसते. लाटांच्या तुषारात भिजणाऱ्या वरच्या खडकांवर पातळ, तपकिरी-जांभळी पाती उगवते आणि पाऊस सरला की नाहीशी होते. त्याची व्यावसायिक लागवड होत नाही. आपल्या देशात शेवाळ शेती प्रामुख्याने तमिळनाडूत, ‘कप्पाफायकस’ या उबदार पाण्यातील वेगळ्या जातीची होते. तुमच्या भागात कोणी शेवाळ लागवडीचा प्रस्ताव घेऊन आले, तर पहिला प्रश्न बियाण्याचा विचारा. पावसाळ्यात बियाणे कुठे जपणार, आणि पुढच्या हंगामात ते कोण देणार?

खाड्यांतील शिंपल्यांचा मुद्दा त्याहून जवळचा आहे. कालवे, तिसऱ्या, शिणाणे ही अनेक घरांची, विशेषतः खाडीत उतरणाऱ्या महिलांची रोजची कमाई आहे. सिंधुदुर्गातील खाड्यांत त्यांची शेतीही होते. हे प्राणी विकले जाणारे उत्पादन तर आहेतच, पण खाडीचे पाणीही तेच गाळत असतात. म्हणून लहान, वाढ न झालेले शिंपले परत सोडणे आणि बीज धरण्याच्या काळात ठरावीक पट्टे राखून ठेवणे याचा फायदा पूर्ण खाडीला होतो.

लक्षात ठेवण्यासारखे

• पीक दिसत नाही त्या काळात ते कुठे असते, हे समजून घ्या. नोरीचे अर्धे आयुष्य शिंपल्यात जाते. तिथेच बियाण्याचे नियोजन होते.

• रोपाला सोसेल आणि तणाला सोसणार नाही असा ताण कोणता, हे ओळखले तर औषधाचा खर्च वाचतो.

• खाडीतील नत्र फार वाढले तरी नुकसान होते आणि फार घटले तरी होते. शेतातून वाहून जाणारे खत हा तुमचा तोटा आहे. ते खाडीत किती आणि कधी पोहोचते, हा खाडीवर जगणाऱ्यांचा प्रश्न आहे.

• बंधारा, भराव किंवा खारभूमीच्या कामाआधी त्या चिखलात कोणते शिंपले आहेत आणि त्यावर किती घरे चालतात याची नोंद ग्रामसभेत करून घ्या. काम झाल्यावर ही नोंद करता येत नाही.

• विस्तार कार्यकर्त्यांनी पाण्याचे तापमान, क्षारता आणि रंग यांची एकाच ठिकाणी, ठरावीक दिवशी नोंद ठेवायला सुरुवात करावी. पहिल्या वर्षी त्यातून फारसे कळणार नाही. पाच वर्षांच्या वहीवरून मात्र कोणत्या वर्षी काय बदलले ते दाखवता येईल.